पहाटेचा पांढरा धूर

डिसेंबर महिना, पिंपळगाव बसवंत, पहाटेचे साडेपाच. कांदा भरून उभी असलेली माझ्या मेहुण्याची दहाचाकी सेल्फवर लागली खरी, पण लागल्या लागल्या हिव भरल्यासारखी थरथरायला लागली. केबिनचे आरसे इतके हलत होते की त्यात मागचं काही दिसेना. सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. "मिसिंग मारतीय," ड्रायव्हर म्हणाला. दहाएक मिनिटांनी धूर निवळला, थरथर थांबली आणि गाडी अशी गुरगुरायला लागली की जणू काही झालंच नव्हतं.

महिनाभर हेच चाललं होतं. गॅरेज उघडतं दहाला. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन तापून शहाण्यासारखं चालायचं. एकाने फिल्टर बदलले, दुसऱ्याने टॅपेट सेट केले, तिसऱ्याने "थंडीत होतं असं" म्हणत चहा पाजून परत पाठवलं. शेवटी आडगाव नाक्याजवळ एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी गाडीकडे धड बघितलंही नाही. म्हणाले, "आज रात्री गाडी इथंच लावा. सकाळी मी आल्याशिवाय सेल्फला हात लावायचा नाही. गरम गाडी काय बोलणार, दादा?"

दुसऱ्या दिवशी सहाला ते आले. मफलर, कानटोपी, हातात एकोणीसचा पाना आणि एक चिंधी, बस. केबिनमधलं बॉनेट उचललं, ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन खोकत लागलं. मिस्त्रींनी पहिल्या नोझलकडे जाणाऱ्या पाइपाच्या नटावर चिंधी धरली आणि नट अर्धा आटा सैल केला. डिझेल फसफसून चिंधीत आलं, इंजिनाचा आवाज आणखी पडला. नट आवळला, आवाज होता तसा झाला. दुसऱ्याला तेच. तिसरा नट सैल केला आणि काहीच झालं नाही. डिझेल बाहेर येत होतं, पण इंजिनाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "हा झोपलाय," ते म्हणाले. तरी चौथा, पाचवा, सहावा तपासलाच. मग बाटलीतलं पाणी बोटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर शिंपडलं. पाच ठिकाणी थेंब बघता बघता सुकले, तिसऱ्यापाशी तसेच खाली ओघळले.

एकेका सिलिंडरला गप्प करायचं आणि बाकीच्यांचं ऐकायचं, ही तपासणी आली कुठून? माग काढत गेलो तेव्हा लक्षात आलं की दुखणं इंजिनाच्या जन्मापासूनचं आहे, तपासणी मात्र बरीच नंतरची.

दुखण्याचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो, डिझेलच्या इंजिनात नसतो. इथे हवा दाबून दाबूनच तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं. आग्नेय आशियात लोक पूर्वी एका नळीत दट्ट्या जोरात दाबून तळाशी ठेवलेला बोळा पेटवत. म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकलेल्या रुडॉल्फ डिझेलला अशीच एक नळी पाहून कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, तत्त्व तेच. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० ऑगस्ट १८९३ ला आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या नमुन्यात इंधन सोडलं, तेव्हा असा भडका उडाला की दाब मोजायचं यंत्रच फुटलं. इंजिन चाललं नाही, पण नुसत्या दाबाने इंधन पेटतं हे सिद्ध झालं. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चाललं, ते जेमतेम मिनिटभर. पुढे १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी मोजमाप केलं, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक कामी येत होती. वाफेची इंजिनं त्याच्या आसपासही नव्हती.

पण बोळा पेटवणारी नळी आणि ट्रकचं इंजिन यांच्यात एक फरक आहे. नळी एकदाच दाबायची असते, इंजिनाला पहिल्या फेरीपासून दर फेरीला ते साधावं लागतं. हवा साधारण १७ पट दाबली की धडधाकट इंजिनात ती पाच-सहाशे अंशांपर्यंत तापते. बाहेरची हवा १० अंशांनी गार असेल तर दाबाच्या शेवटी २५-३० अंश कमी पडतात. त्यात रात्रभर गारठलेलं बिडाचं हेड आणि लायनर उरलीसुरली ऊब शोषून घेतात. थंड पिस्टन लायनरात सैल असतो, रिंगांच्या कडेने हवा निसटते. मग इंधन पेटतं पण उशिरा, आणि तोवर साचलेलं एकदम पेटल्याने ठोका बसतो. एखाद्या सिलिंडरात पेटतच नाही, तीच मिसिंग. तिथलं डिझेल धुकं होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडतं, तोच तो पांढरा धूर. इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, रिंगा बसतात, भिंती ऊब चोरायचं थांबवतात आणि दुखणं दडी मारतं. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्या पहाटे शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. बागेला ऊब मिळते, रस्त्याकडेला उभ्या ट्रकला कोण देणार?

इंजिनालाच शेक देण्याचा उपाय डिझेलच्याही आधीचा. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या इंजिनाच्या डोक्यावर एक पोकळ गोळा असायचा. ब्लो-लॅम्पने तो चांगला तापवायचा आणि मगच चाक फिरवायचं. हॉर्न्सबी कंपनीने इंग्लंडमधल्या ग्रँथमला ती इंजिनं बांधली. त्यांना सकाळची मिसिंग नव्हती, कारण गोळा तापल्याशिवाय ती लागतच नसत. हा उपाय आपल्याकडे दुसऱ्या रूपात अजून जिवंत आहे. डिझेलमध्ये भिजवलेला चिंध्यांचा काकडा पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशी धरणारे ड्रायव्हर मी स्वतः पाहिलेत. पहाटेच्या वेळी ती अगदी इंजिनाची काकडआरती वाटते. दिसायला मजेशीर असली तरी या आरतीत केबिनसकट गाडी पेटू शकते. लडाखकडे टाकीखाली शेकोटी लावतात ती वेगळ्या कारणाने. तिथे डिझेलमधलं मेणच गोठतं. त्यावर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं.

डिझेलचं इंजिन जन्मल्यावर त्याला ट्रकमध्ये बसायला पाव शतक लागलं. सुरुवातीची इंजिनं दाबलेल्या हवेच्या फवाऱ्याने इंधन आत ढकलत, आणि त्यासाठी जो कॉम्प्रेसर लागे तो कारखान्यात किंवा जहाजावरच शोभायचा. बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लॉरांज या इंजिनिअरने १९०९ मध्ये त्यावर तोड काढली. हेडमध्ये एक छोटी कोठडी ठेवायची, इंधन आधी तिथे फवारायचं, ते अर्धवट पेटून स्वतःच्याच जोरावर मोठ्या सिलिंडरात घुसेल. १९२३ मध्ये बेंझने चार सिलिंडरचं असं इंजिन पाच टनी ट्रकमध्ये बसवून रस्त्यावर आणलं. पुढच्याच वर्षी एमएएन कंपनीने कोठडी काढून टाकून थेट सिलिंडरात फवारणारा ट्रक बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. कोठडी की थेट, हे दोन घराण्यांचं भांडण तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं चाललं.

मिस्त्रींच्या पान्याचा जन्म मात्र १९२७ चा. त्या वर्षी स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून इंधनाचे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडायला लागले. पंप एकच, पण आत प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या आणि प्रत्येकासाठी बाहेर जाणारा स्वतंत्र लोखंडी पाइप. सहा सिलिंडर, सहा पाइप, सहा नट. आता एखाद्याचं दाणापाणी बाहेरून तोडणं शक्य झालं. पेट्रोलच्या लॉऱ्यांवर काम केलेले फिटर तोवर लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेका प्लगची ठिणगी इंजिनाच्या अंगाला उतरवून हीच परीक्षा घेत. डिझेलमध्ये उतरवायला ठिणगीच नाही, म्हणून त्यांनी पाइप सैल केला. पद्धत पेट्रोलच्या घरातून आली आणि बॉशच्या पंपाने तिला नवा दरवाजा करून दिला.

आपल्याकडे सातारला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने तीसच्या दशकात डिझेल इंजिनं बनवली, आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पण ती विहिरीवरची इंजिनं. त्यांचा सकाळचा इलाज म्हणजे डिकॉम्प्रेशनची दांडी उचलायची, हँडल मारून चाकाला वेग द्यायचा आणि दांडी सोडायची. लागलं तर लागलं, नाहीतर दुसरा गडी बोलवायचा. ट्रकचं डिझेल खऱ्या अर्थाने आलं १९५४ मध्ये, टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले तेव्हा. इंजिन होतं ओएम ३१२, सहा सिलिंडर, साडेचार लिटरच्या वर, आणि हेडमध्ये लॉरांजची कोठडी. कोठडीचा तोटा असा की तिच्या जादा भिंती थंडीत जादा ऊब खातात. म्हणून प्रत्येक कोठडीत एक हीटर प्लग. (इंग्रजी पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे, पण गॅरेजमध्ये तो हीटर प्लगच.)

इथे या मागोव्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. त्या काळचे हीटर प्लग एकामागोमाग एक, एकाच तारेत ओवलेले असत, गणपतीच्या आराशीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. एक गेला की सगळे गेले. डॅशबोर्डवरची तार लाल झाली नाही की ड्रायव्हर समजून जायचा. गाडी लागायचीच नाही, त्यामुळे मिसिंगचा प्रश्न नव्हता, धक्क्याचा होता. गावात रात्री वस्तीला येणारी मुक्कामी गाडी ड्रायव्हर नेमकी उतारावर का लावायचा, हे माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या कुणालाही विचारा. पहाटे ती लागली नाही तर शाळकरी पोरं आणि दूधवाले मागून धक्का द्यायचे, क्लच सुटायचा आणि इंजिन हिसका देऊन जागं व्हायचं.

नंतर प्लग प्रत्येकी स्वतंत्र तारेवर आले. आता एक मेला तरी बाकीचे तापतात, गाडी लागते, पण तो एक सिलिंडर काही मिनिटं झोपून राहतो. म्हणजे "लागते पण मिसिंग मारते" ही तक्रार वाढवली ती सुधारणेने. आधीचा दोष गाडी बंद पाडायचा, नवा तिला खोकायला लावून पळतं ठेवतो, आणि पळती गाडी कोण गॅरेजला लावतं?

पुढे कोठडीचं घराणं हरलं. थेट फवारणीत डिझेल कमी जळतं, आणि वाहतूकदाराला दुसरं काही सांगावं लागत नाही. मर्सिडीजने १९६४ मध्ये ओएम ३५२ आणलं. टेल्कोचा जर्मन करार १९६९ मध्ये संपला, पण माप चालत राहिलं. ज्याला आपले मिस्त्री "सहा सत्त्याण्णव" म्हणतात त्या इंजिनाच्या नावाचा अर्थ सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. ओएम ३५२ चा बोअरही नेमका तेवढाच. या इंजिनांना आपल्या हवेत हीटर प्लगांची गरज उरली नाही. पण प्लग गेले तसं त्यांच्यावर ढकलायचं निमित्तही गेलं. आता थंडीतल्या मिसिंगचा पत्ता दोनच ठिकाणी: रिंगा-व्हॉल्व्ह, म्हणजे कॉम्प्रेशन, नाहीतर नोझल. आणि पाइपांत कुठे हवा शिरत असेल तर तीही, पण तेव्हा बहुधा गाडी लागायलाच वेळ घेते आणि हातपंप मारावा लागतो.

नोझल म्हटलं की पुन्हा आम्ही नाशिककर आलो. बॉशचं भारतातलं बिऱ्हाड म्हणजे १९५१ मध्ये बंगळुरात निघालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, लोकांच्या तोंडी "मायको". तिचा नोझल आणि इंजेक्टरचा कारखाना सातपूरला आला, तो इतका रुजला की २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं तरी चौकाचं नाव मायको सर्कलच राहिलं. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. जोडी घासून एकमेकांसाठीच बनवलेली, एकीची सुई दुसरीत चालत नाही. टोकाची भोकं केसाहून थोडी जाड. त्यातून दोनशेच्या आसपास बार दाबाला डिझेलचं धुकं फुटलं पाहिजे. ते न फुटता थेंब गळायला लागले की गरम इंजिन ते थेंबही जाळून टाकतं, थंड इंजिन जाळू शकत नाही.

इंधनही या दुखण्याला हातभार लावतं. डिझेल पेटायला किती चटकन राजी होतं याचं माप, सीटेन आकडा, तीसच्या दशकात रूढ झालं. आज बीएस-६ या प्रदूषण-नियमाच्या डिझेलला तो किमान ५१ लागतो. त्यात रॉकेल मिसळलं की आकडा घसरतो, पंपाचं वंगण जातं, आणि पहिला हिशेब पहाटेच्या थंड इंजिनाला चुकवावा लागतो. ही भेसळ आमच्या जिल्ह्याला नवी नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलमाफियांनी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. धुराच्या रंगाबद्दल लिहिताना ते विसरता येत नाही.

मग आलं कॉमन रेल. नव्वदच्या दशकात जपानी ट्रकांत आणि युरोपातल्या मोटारींत आलेलं हे तंत्र प्रदूषणाच्या नियमांबरोबर आपल्याकडे पसरलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झाल्यावर जुना सहा दट्ट्यांचा पंप नव्या ट्रकांतून गेलाच. आता एकाच नळीत हजाराहून जास्त बार दाब भरून ठेवलेला, आणि कुठल्या नोझलने कधी, किती वेळ उघडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचं संगणकी डोकं, ठरवतं. थंड इंजिनाला मुख्य फवाऱ्याआधी चिमूटभर डिझेल देऊन ठोका मऊ करायची अक्कलही त्याला आहे. पण त्याला थंडी कळते ती पाण्यात बुडवलेल्या एका सेन्सरवरून. तो सेन्सर बिघडून "इंजिन ८० अंशांवर आहे" असं सांगायला लागला, तर ईसीयू पहाटे गरम गाडीचा हिशेब लावतं आणि सगळेच सिलिंडर खोकतात. या दोषाला जुन्या घराण्यात पूर्वज नाही.

इथे एकोणीसचा पाना काढायचा नाही. इतक्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते, नुसतं बोट आडवं आलं तरी. जुन्या पंपावरही चिंधी धरतात ती उगाच नाही. मग नवे मिस्त्री काय करतात? मी मुद्दाम एका वर्कशॉपमध्ये जाऊन पाहिलं. पोऱ्याने लॅपटॉप जोडला आणि स्क्रीनवर एक तपासणी निवडली: सिलिंडर कटआऊट. ईसीयूने पहिल्या इंजेक्टरचा विद्युतप्रवाह तोडला, इंजिनाचा आवाज पडला, पुन्हा जोडला. मग दुसरा. मग तिसरा. १९२७ ची परीक्षा, फक्त डिझेलने हात बरबटले नाहीत. शंका उरली तर तो प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सलाईनसारखी नळी आणि बाटली लावतो. ज्याची बाटली आधी भरते तो आतून गळका. ते दृश्य मात्र पाहण्यासारखं असतं: सहा बाटल्या टांगलेलं इंजिन, थेट वॉर्डात भरती झाल्यासारखं.

आमच्या दहाचाकीचं काय झालं? तिसरा झोपतो हे कळलं, पण का झोपतो हे कळायचं होतं. मिस्त्रींनी तिसऱ्याचं नोझल काढून पाचव्याला लावलं, पाचव्याचं तिसऱ्याला, खाली नवे तांब्याचे वॉशर घातले आणि म्हणाले, "उद्या सकाळी." ड्रायव्हर वैतागला, कांदा थांबत नाही. पण दुसऱ्या पहाटे तिसरा जागा होता आणि पाचवा झोपला होता. दोष नोझलबरोबर चालत गेला, म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह सुटले. जागचा हलला नसता तर हेड उघडावं लागलं असतं, आणि तो खर्च कुठल्या कुठे. नोझल पंपवाल्याच्या टेस्टरवर चढवलं. हँडल दाबल्यावर चांगलं नोझल घर्र करून धुकं सोडतं, हे मुकाट्याने लाळ गाळत होतं.

तेव्हा तुमची गाडी सकाळी मिसिंग मारत असेल तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका. आदल्या रात्री मिस्त्रींच्या दारात लावून या, आणि पहिल्या सेल्फला तुम्हीही तिथे उभे राहा. धूर पांढरा आहे, निळा आहे की काळा, आणि किती मिनिटांनी निवळला, एवढं बघून ठेवा. मिस्त्रींचा पहिला प्रश्न तोच असेल.